चार पथ्यं, एक फोडणी

अपर्णाच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता होता. अमेरिकेत, प्लेनोतल्या बाकीच्या मराठी घरांत त्या जागी नायगाऱ्याचं चुंबक नाहीतर शाळेच्या सुट्ट्यांची यादी असायची. अपर्णाने तिथे घरातल्या माणसांची नावं लिहून प्रत्येकापुढे त्याला काय चालत नाही ते रंगीत पेनांनी भरलं होतं. लाल रंग नवऱ्याचा. कंपनीच्या फुकट तपासणीत अतुलचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हापासून घरात तेल चमच्याने मोजून पडत होतं. दर शुक्रवारी ऑफिसात पिझ्झा यायचा, पण तो कंपनीच्या हद्दीत खाल्ला जात असल्यामुळे अतुल त्याला हिशेबात धरत नसे. निळा रंग सासूबाईंचा, म्हणजे सुलेखाबाईंचा. त्यांना रक्तदाब, म्हणून मीठ बंद. हिरवा रंगही त्यांचाच. त्यांचा चातुर्मास, म्हणून कांदा, लसूण आणि वांगं बंद. पिवळा रंग दहा वर्षांच्या स्वानंदीचा.

स्वानंदीला गहू चालत नव्हता, आणि हे लाड नव्हते. जानेवारीत डॉक्टरांनी रक्त तपासून, नळी घालून आतड्याचा तुकडा काढून निदान केलं होतं की गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी या मुलीचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. पोळी, पाव, शिरा, बिस्किटं, वाढदिवसाचा केक, सगळं जन्मभर बंद. अतुलने आधी वाटाघाटी करून पाहिल्या. महिन्यातून एखादी पोळी चालेल का, असं त्याने डॉक्टरांना अगदी क्लायंटशी बोलावं तसं विचारलं. नाही चालणार, असं डॉक्टर म्हणाले.

अपर्णाचं स्वतःचं पथ्य तक्त्यावर नव्हतं. तिला उरेल ते चालायचं.

पुण्यात असताना अपर्णा पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होती. तिच्या सहीशिवाय एकही पंप गेटाबाहेर पडत नसे. अमेरिकेत ती नवऱ्याच्या व्हिसावर आली, आणि त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. मग तिची सगळी क्वालिटी आणि सगळा कंट्रोल चौदा बाय बाराच्या स्वयंपाकघरात कोंडला गेला. तिथे त्याने जे काही केलं ते पाहून कारखान्याचा मॅनेजरही बिचकला असता. गव्हाचं पीठ एका सकाळी घराबाहेर गेलं. जुनं पोळपाट-लाटणं गेलं. लाकडी कलथे गेले. दुकानातला बिनगव्हाचा ब्रेड विटेएवढा होता, वजनालाही तेवढाच, आणि किंमत मात्र अख्ख्या भिंतीची. अतुलचं काँट्रॅक्ट त्या वर्षी कमी दरावर रिन्यू झालेलं, त्यामुळे असले ब्रेड आणण्याचा प्रश्नच नव्हता. अपर्णाने देशी दुकानातून ज्वारीचं पीठ, तांदूळ, वरी आणि राजगिरा पोत्याने आणला, आणि आपल्या आज्या आयुष्यभर बिनगव्हाचंच जेवत होत्या हे फोन करकरून सगळ्यांना सांगितलं.

तिचा खरा अभिमान मात्र एका पातेल्याचा होता. चार पथ्यं असली तरी चार पातेली चढवायची नाहीत. एकच आमटी, एकच भाजी, सगळ्यांना तीच. मीठ नाही, ज्याला हवं त्याने ताटात घ्यावं. कांदा-लसूण नाही. तेल एक चमचा. गहू अर्थातच नाही. आता तेल, मीठ, कांदा, लसूण काढून घेतल्यावर आमटीत राहतं काय, असं कुणी विचारलं की अपर्णा गालात हसायची आणि मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी पुढे करायची. त्यात हिंग असे. घरात ही एकच वस्तू अशी होती की जी चौघांपैकी कुणालाच वर्ज्य नव्हती, आणि चिमटीला काही किंमतही पडत नव्हती. मीठ नसल्याचं हिंग झाकायचा, कांदा नसल्याचं झाकायचा, तेल नसल्याचंही झाकायचा. जूनमध्ये सासूबाई पुण्याहून येताना पेठेतल्या त्यांच्या ठरलेल्या दुकानातला पाव किलो हिंग कागदी पुडीत बांधून घेऊन आल्या. कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली, वास घेतला आणि लगेच बंद केली, हा किस्सा त्या अभिमानाने सांगायच्या.

स्वानंदीचं पोट दुखलं की मग तर हिंग हवाच. ताकात हिंग, कोमट पाण्यात हिंग, बेंबीवर हिंगाचा लेप. सासूबाई मांडीवर तिचं डोकं घेऊन लेप लावायच्या, आणि पोर डोळे मिटून पडून राहायची.

तिचं पोट दुखायचं मात्र थांबत नव्हतं. एप्रिलमध्ये रक्त तपासलं तेव्हा आतड्याचा त्रास दाखवणारा आकडा बराच उतरला होता. डॉक्टरांनी अपर्णाची पाठ थोपटली, आणि ती दोन दिवस हवेत होती. ऑगस्टमध्ये तोच आकडा पुन्हा वर गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, कुठून तरी गहू पोटात जातोय, कुठून जातोय? आहारतज्ज्ञ बाईंनी घरातलं पाकीटन् पाकीट घेऊन यायला सांगितलं. अपर्णाने दोन मोठ्या पिशव्या भरून नेल्या आणि बाईंनी एकेक पाकीट वाचलं. कशातच गहू निघाला नाही. मसाल्याचा डबा अपर्णाने नेला नव्हता. त्यातले मसाले पाकिटांतून कधीचे काढून भरलेले, त्यांना ना पाकीट ना लेबल, आणि हळद-मोहरीत गहू कुठून येणार? बाईंनी तिच्या स्वयंपाकाची फार तारीफ केली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या की या वयाची मुलं कधीकधी लपून खातात.

अपर्णाला ते लगेच पटलं. कारखान्यात ती बारा वर्षांत एक गोष्ट शिकली होती: प्रोसेस बरोबर असेल आणि तरी माल खराब निघाला, तर दोष ऑपरेटरचा. तिची प्रोसेस तर डॉक्टरांनीच पास केलेली. मे ते ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, वाढदिवस, स्विमिंग पार्ट्या. सगळा हिशेब चोख जुळत होता.

त्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. शाळेची बस साडेतीनला यायची. स्वानंदी गॅरेजच्या दारातून आत आली की दप्तर पायरीवर ठेवायचं, डबा उघडून दाखवायचा, मग जीन्सचे दोन्ही खिसे उलटे करून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात ती रडली. "आई, आय डिडन्ट ईट एनिथिंग. आय स्वेअर." अपर्णाने तिला सांगितलं की मी रागावणार नाही, फक्त खरं बोल. हे तिने इतक्यांदा आणि इतक्या रागाने सांगितलं की पोरीने बोलणंच सोडलं. सप्टेंबरात एकदा खिशातून बिस्किटाचा रिकामा कागद निघाला. मैत्रिणीने कचऱ्यात टाकायला दिला होता, असं स्वानंदी म्हणाली. अपर्णाने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारीख टाकून ठेवला.

मग तिने गावातल्या मराठी मंडळातल्या अकरा घरी फोन केले. आमची स्वानंदी चोरून खाते, तुमच्याकडे आली की जरा लक्ष ठेवा. बायकांनी लक्ष ठेवलं. मंडळातल्या बायकांना लक्ष ठेवायला सांगावं लागत नाही, पण सांगितल्यावर तर त्या कर्तव्यच समजतात. गणपतीच्या जेवणाला स्वानंदी टेबलाजवळ गेली की कुणीतरी काकू पुऱ्यांचं ताट उचलून वरच्या फडताळात ठेवायची आणि गोड आवाजात म्हणायची, तू इकडे नको हं बाळा. एवढ्या मोठ्या घरात पोर मग जिन्यावर बसून राहायची.

या सगळ्यात एक गोष्ट स्वानंदीने आईला दोनदा सांगितली होती. आजीचा उपास असतो त्या दिवशी माझं पोट दुखत नाही. ती हट्टाने आजीबरोबर एकादशी, चतुर्थी, सोमवार करायला लागली होती. भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस खायची आणि त्या दिवशी बागेत सायकल चालवायची. सासूबाईंच्या मते ही देवाची कृपा होती. अपर्णाच्या मते कारण साधं होतं: उपासाच्या दिवशी पोरगी आजीच्या नजरेखाली असते, तिला चोरून खाता येत नाही. उपासाच्या फोडणीत जिरं असतं, हिंग नसतो, हे दोघींनाही पाठ होतं. जन्मापासून माहीत असलेल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही.

पाचवीच्या वर्गाचं तीन दिवसांचं कॅम्प ऑक्टोबरच्या शेवटी होतं. तळं, होड्या, लाकडी खोल्यांत एकावर एक बिछाने. स्वानंदी तिसरीत असल्यापासून त्याची वाट बघत होती. शाळेने पत्र पाठवलं की आमच्या स्वयंपाक्याला कळवा, आम्ही वेगळं जेवण देऊ. अपर्णाने फॉर्मवर 'येणार नाही' अशी खूण केली. घरात एवढी नजर असून चोरते, तिथे काय करेल? अतुल म्हणाला, जाऊ दे ना यार, तीन दिवसांनी काय होतंय. अपर्णाने त्याला तक्त्याकडे बोट दाखवलं आणि तो गप्प बसला. अतुलचं बरंचसं संसारज्ञान गप्प बसण्यात होतं. स्वानंदीने फॉर्म घेतला, दप्तरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

इकडे अपर्णाची कीर्ती पसरत होती. मंडळाच्या अध्यक्ष राधिकाने कोजागिरीच्या आधीच्या शनिवारी तिचा कार्यक्रम ठेवला, 'चार पथ्यं, एक फोडणी'. कमी खर्चात, एका पातेल्यात, सगळ्या घराचं पथ्य. जागा एका अपार्टमेंटचं क्लबहाऊस. ईमेलमध्ये राधिकाने सूचना घातली की वास राहू नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवू, आणि कार्यक्रमानंतर बटाटेवडे आहेत. तीस बायका आल्या. त्यातल्या किती पथ्यासाठी आणि किती वड्यांसाठी, हे विचारणं बरं नव्हे.

अपर्णाने तयारी चोख केली होती. लेबल वाचायची सवय मुलांना कशी लावावी हे दाखवायला तिने स्वानंदीला शेजारी उभं केलं. घरातले डबे बिनलेबलांचे, म्हणून प्रत्येक वस्तू दुकानातून नवी आणली: पीठं, डाळ, हळद, तिखट, मोहरी, हिंगाची पिवळ्या झाकणाची पांढरी डबी. सगळं ओळीने मांडलं. विजेच्या शेगडीवर डाळ घोटून तयार होती आणि फोडणीच्या पळीत चमचाभर तेल तापत होतं. पहिल्या रांगेत सासूबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या.

स्वानंदी एकेक पाकीट उचलून वाचत होती. तांदळाचं पीठ. इन्ग्रेडियन्ट्स, राइस. बायका माना हलवत होत्या. ज्वारीचं पीठ. इन्ग्रेडियन्ट्स, सोरगम. कुणी शेजारणीला म्हणालं, किती शहाणी दिसते बघ, चोरून खात नसती तर किती बरं. तूरडाळ झाली. हळद झाली. तिखट झालं. पोरीने हिंगाची डबी उचलली आणि त्याच सुरात वाचलं, "इन्ग्रेडियन्ट्स, गम अरेबिक, व्हीट फ्लोअर, असाफेटिडा."

बायकांनी तशाच माना हलवल्या. इतका वेळ ऐकून त्यांचे कान केव्हाच वड्यांकडे गेले होते. स्वानंदी थांबली. तिने डबीवरची ओळ पुन्हा एकदा मनात वाचली, ओठ हलले. मग आईकडे पाहिलं. आणि मग डबी होती तिथे ठेवून दिली आणि मोहरीचं पाकीट उचललं. आपण सांगितलेलं खरं धरत नाहीत, हे तिला तीन महिन्यांत नीट शिकवलं गेलं होतं.

अपर्णाने ऐकलं होतं. तिच्या हाताची चिमूट हिंगाकडे निघालेली, ती हवेतच राहिली. बारा वर्षं दोष शोधलेलं डोकं आता आपण होऊन कामाला लागलं आणि तिला ते थांबवता येईना. एप्रिलमध्ये आकडा उतरलेला, कारण पोळ्या बंद झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये चढलेला, कारण जुलैत चातुर्मास लागला, कांदा-लसूण गेला आणि तिने हिंग दुप्पट केला. उपासाला पोट दुखत नाही. पोट दुखलं की ताकात हिंग. अजून दुखलं की अजून हिंग. आजीची कागदी पुडी, तिच्यावर कसलं लेबल आणि कसलं काय. चोर सापडला होता. तो मसाल्याच्या डब्यातल्या वाटीत होता आणि त्याला रोज दोन वेळा तिनेच हाताने आत घेतलं होतं.

हे कुणालाही कळलेलं नव्हतं. फोडणी देऊन टाकली असती, टाळ्या घेतल्या असत्या, घरी जाऊन हिंग मुकाट्याने कचऱ्यात टाकला असता, तर महिन्या-दोन महिन्यांत आकडा उतरला असता आणि लोक म्हणाले असते की अपर्णाने शेवटी पोरीला वळण लावलं. तेल तापून धूर निघायला लागला. स्वानंदी मोहरीचं पाकीट वाचून झाल्यावरही ते हातात धरून उभी होती. अपर्णाला ते हात दिसले आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने शेगडी बंद केली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "मला एक सांगायचंय. या हिंगात गहू आहे. घरच्या हिंगातही असणार. मी हिला नऊ महिने रोज तो घातला, आणि पोट दुखलं की जास्त घातला. आणि तुम्हाला फोन करून सांगितलं की ही चोरून खाते. ही चोरून खात नव्हती. एकदासुद्धा नाही."

 हॉलमध्ये सगळ्या एकदम बोलायला लागल्या. राधिकाने डबी हातात घेऊन वाचली आणि म्हणाली, अगं पण एवढीशी चिमूट, त्याने काय होतंय यार. एका बाईने वहीत 'हिंग' लिहून त्याखाली रेघ मारली. दुसरीने मग चांगला हिंग कुठल्या दुकानात मिळतो याची चौकशी सुरू केली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि पेठेतल्या त्या दुकानाची तीन पिढ्यांची अब्रू वाचवायला लागल्या. आमच्या वेळी हिंगात हिंगच असायचा, असं त्यांनी चारदा सांगितलं. मग एकदम खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या, कारण बेंबीवरचा लेप त्यांना आठवला होता. राधिकाने वेळ ओळखून वडे आणायला सांगितले. ज्या काकूने पुऱ्यांचं ताट फडताळात ठेवलं होतं ती स्वानंदीजवळ येऊन म्हणाली, बाळा, तू घे हं वडा, आता काही हरकत नाही. स्वानंदीने तिला शांतपणे विचारलं की बेसनात हिंग घातलाय का. काकूने वडा परत ताटात ठेवला.

 गाडीत सासूबाई मागच्या सीटवर हिंगाची डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती त्यांनी का आणली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हायवेला लागल्यावर अपर्णाने आरशात पाहत स्वानंदीला म्हटलं की माझं चुकलं, फार चुकलं. सोमवारी मी टीचरला फोन करते, कॅम्पचं बघते.

"लिस्ट क्लोज झाली," स्वानंदी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माझ्या बंकवर एमिली आहे आता. इट्स ओके."

ते ओके नव्हतं, आणि हे गाडीतल्या तिघींनाही माहीत होतं. अपर्णा तरी म्हणाली की मी विचारून बघेन. पुढची दोन वळणं तिने जरुरीपेक्षा हळू घेतली.

घर आलं. गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत लागली. अतुल दारात उभा राहून कार्यक्रम कसा झाला ते विचारत होता. सासूबाई आत गेल्या. स्वानंदी उतरली, पायरीपाशी आली, पिशवी खाली ठेवली आणि रोजच्यासारखे जीन्सचे दोन्ही खिसे उलटे करून उभी राहिली.

 "नको गं," अपर्णा म्हणाली. "खिसे नाही बघायचे आता. कधीच नाही."

"बघून घे ना," स्वानंदी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, शाळेतला गृहपाठ दाखवावा तसं ती म्हणाली. "तिकडे वडे होते. नंतर परत म्हणशील."

अपर्णा पायरीवर गुडघे टेकून बसली. खिशांची पांढरी अस्तरं दोन्ही बाजूंना लोंबत होती. तिने ती बोटांनी आत ढकलली, आधी एक, मग दुसरं, आणि हात तिथेच ठेवून बसून राहिली.